आठ, सहा, चार

डॉक्टर पटवेकरांनी टेबलावरच्या बाईकडे बघण्याआधी आरशात बघितलं. केसांवरून कंगवा फिरवला, मग त्यावर हिरवी टोपी चढवली. टोपीच घालायची तर केस कशाला विंचरायचे, हे मी सात महिन्यांत त्यांना एकदाही विचारलं नाही.

"खांबेटे, तुमचं यंत्र तयार?"

"एकदम, सर!"

खांबेटे हा कंपनीचा माणूस. मे महिन्यातल्या वैजापुरात गळ्याला टाय बांधून आलेला. सर बोलायच्या आधीच मान हलवायची त्याला सवय होती. त्यानं त्या बाईच्या बोटाला एक चिमटा लावला. चिमट्यात लाल दिवा लागला आणि डब्यावर आकडा उमटला. अठ्ठ्याण्णव.

"बघा सर. रक्तातला प्राणवायू. आता कुणी पेशंटच्या तोंडाकडे बघायची गरजच नाही."

"ऐकलंत का, सिस्टर?" डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले. "शिका जरा."

मी शिकले होते. मिशनच्या दवाखान्यात तीन वर्षं शिकले, पाच वर्षं तिथंच राबले. आमच्या मॅट्रन उजागरेबाई सांगायच्या, पेशंटचा श्वास मोजताना त्याला कळू द्यायचं नाही. मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि डोळे छातीवर ठेवायचे. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणारीला त्या वॉर्डातून बाहेर काढायच्या. पण हे सांगायचं कुणाला? काचेच्या दवाखान्यात शिकवायचा मक्ता एकाच माणसाकडे होता.

काचेचा दवाखाना हे लोकांनी ठेवलेलं नाव. दर्शनी भिंत सगळी काचेची. आतला पंखा, सोफा, डॉक्टरांच्या परदेशातल्या फोटोंची रांग, सगळं रस्त्यावरून दिसायचं. शहाण्णव साल होतं. घशातून दुर्बीण घालून पोट तपासायची सोय आमच्याकडे नवीन होती. डॉक्टर त्या दुर्बिणीला असे जपायचे की पेशंटला तसं जपलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

टेबलावरची बाई होती विजयमाला गाडेकर. गोदावरीकाठच्या, गंगथडीच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वय बेचाळीस. पोटात जळजळ, रात्री झोप नाही. नवरा रामनाथ एसटीच्या डेपोत फिटर. दोघंही भ्यायलेली. तिला टेबलाची भीती आणि त्याला काचेची. सोफ्यावर बसायलाही तयार नव्हता; हाताला ग्रीस असेल म्हणून उभाच राहिला. खरं तर हात त्यानं घासघासून धुतले होते, बोटं लाल दिसत होती.

आत नेताना त्यानं मला बाजूला घेतलं.

"सिस्टरबाई, एक सांगायचं राहिलं. ती रोज झोपेची गोळी घेती. काल भ्यायली म्हणून दोन घेतल्या. आन् आज सकाळी परत एक."

"सकाळी? किती वाजता?"

"निघायच्या आधी. आठ वाजले आसतील. काही होत नाही ना?"

"बरं झालं सांगितलंत," मी म्हणाले. "मी सरांना सांगते."

सांगितलंही. टेबलाजवळ जाऊन, हळू आवाजात, खांबेटेला ऐकू जाणार नाही असं.

"सर, बाईंनी रात्री झोपेच्या दोन गोळ्या घेतल्यात. सकाळी अजून एक. इंजेक्शन जरा कमी..."

डॉक्टर मोठ्यानं हसले. मी जे हळू बोलले होते ते त्यांनी खांबेटेला ऐकवलं.

"बघा खांबेटे, हल्ली डोस सिस्टर ठरवतात. आम्ही फुकट शिकलो." मग माझ्याकडे वळून, "बाई, गोळीनं झोप येत असती तर ही माझ्याकडे आली असती का? भरा इंजेक्शन."

खांबेटे हसला. त्याला हसायचाच पगार होता.

मी दोन सिरिंज भरल्या. एकीत गुंगीचं औषध, दुसरीत वेदना मारणारं. दोन्ही एकमेकांना हात देतात. एक माणसाला झोपवतं. दुसरं मेंदूच्या ज्या कोपऱ्यातून श्वासाचा हुकूम सुटतो तो कोपरा सुस्त करतं. वेगवेगळी दिली तर सांभाळता येतात. एकत्र दिली तर हात आखडता ठेवायचा, आणि पोटात आधीच झोपेच्या गोळ्या असतील तर आणखीच. मुख्य म्हणजे थोडं द्यायचं आणि थांबायचं. नसेत गेलेलं औषध डोक्यात भिनायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ पेशंट जागाच दिसतो.

डॉक्टर पटवेकर अर्धं मिनिटसुद्धा थांबले नाहीत.

पहिलं इंजेक्शन दिलं. बाई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी जागीच आहे हो." त्यांनी आणखी दिलं. तिनं डोळे मिटले, पण दुर्बीण तोंडाशी आणताच मान फिरवली. "हट्टी आहे," म्हणत त्यांनी तिसऱ्यांदा दिलं. मग चौथ्यांदा. सिरिंज रिकामी झाली तेव्हा ती खरोखर शांत झाली. डॉक्टर खांबेटेकडे बघून म्हणाले, "अस्सं."

मी तिच्या नाकात प्राणवायूची नळी लावली. ते तरी माझ्या हातात होतं.

दुर्बीण आत गेली. पाच मिनिटांचं काम, पण त्या दिवशी ते पंधरा मिनिटं चाललं. कारण खांबेटेला दाखवायचं होतं. त्या यंत्रविक्यानं डॉक्टरांच्या जागी उभं राहून, टाय खांद्यावर टाकून, एका शिक्षिकेच्या पोटात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "वा!" जत्रेत पेटीला डोळा लावून मुंबईचा राणीचा बाग बघतात, तसं. मला तेव्हा त्या दोघांची इतकी किळस आली की मी तोंड फिरवून ट्रे आवरायला घेतला.

दुर्बीण बाहेर आली. काही विशेष नव्हतं. साधी सूज. डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि बाई घोरायला लागली.

"गाढ झोप," डॉक्टर म्हणाले.

ती झोप नव्हती. झोपलेल्या माणसाचं घोरणं एका लयीत येतं, मध्येच तो कूस बदलतो, तोंड मिटतो. हे घोरणं अडखळत होतं. जीभ सैल पडून मागं गेली की वाट अर्धी बंद होते, तेव्हा असा आवाज येतो. मी तिचं मनगट धरलं. डोळे छातीवर. समोर भिंतीवरच्या घड्याळात अकराला आठ मिनिटं कमी होती.

पूर्ण मिनिटात आठ श्वास.

"विजयमालाबाई," मी हाक मारली. "बाई, डोळे उघडा." काही नाही. कानाची पाळी चिमटली. झोपलेलं माणूस कपाळाला आठ्या घालतं, हात झटकतं. तिच्या भुवईला साधी सुरकुती पडली नाही. पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी.

"सर, श्वास आठवर आलाय. हाकेला ओ नाही. चिमटा कळत नाही."

डॉक्टरांनी डब्याकडे बोट केलं. "हे किती आहे?"

"अठ्ठ्याण्णव, सर. पण नाकात नळी आहे, त्यामुळे तो आकडा..."

"त्यामुळे?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांचा आवाज मऊ झाला की समोरच्याची धडगत नसे. "सांगा ना. खांबेटे, तुम्हीही ऐका. सिस्टर त्रिभुवन आपल्याला यंत्र समजावून सांगतायत."

मला समजावता आलं असतं. नळीतून प्राणवायू जातोय, म्हणून रक्त लाल आहे आणि आकडा सुंदर आहे. पण भाता हळू चाललाय. आत जो वाईट वायू साठतोय तो या डब्याला दिसत नाही, आणि तोच माणसाला आणखी खोल बुडवतो. आकडा पडायला लागेल तेव्हा फार उशीर झालेला असेल. एवढी चार वाक्यं होती. मला ती पाठ होती.

"मिशनमध्ये बोटं मोजायला शिकवतात वाटतं," डॉक्टर म्हणाले. "आम्ही यंत्र आणलंय. तुम्हाला कुणी विचारलं? व्हा तिकडं. मध्ये मध्ये करू नका."

खांबेटे पुन्हा हसला.

मी बाजूला झाले. भिंतीला टेकून उभी राहिले. तिथून तिच्या छातीवरची चादर दिसत होती.

डॉक्टर यंत्राशेजारी उभे राहिले. खांबेटेनं बॅगेतून कॅमेरा काढला. कंपनीच्या पत्रकात छापायला फोटो हवा होता. एक फोटो डॉक्टर आकड्याकडे बघतायत असा. मग हात यंत्रावर ठेवून. मग टोपी काढून. आता मला कंगव्याचा अर्थ कळला. पेशंटही फोटोत हवा म्हणून खांबेटेनं तिच्या गळ्यापर्यंत चादर नीट ओढली, लग्नातल्या नवरीचा पदर करवलीनं सारखा करावा तशी.

चादर हलत होती. सहा वेळा. पुढच्या मिनिटाला पाच. मग घोरणंही कमी झालं.

"आता तर आवाजसुद्धा नाही," खांबेटे म्हणाला. "काय शांत झोपल्यात!"

चार.

सत्त्याण्णव. पंच्याण्णव. खांबेटेला ते आधी दिसलं. "सर, क्लिप जरा सैल झाली असेल." त्यानं चिमटा या बोटाचा त्या बोटाला लावला. एक्क्याण्णव. "नखाला रंग असेल, सर." नखाला रंग नव्हता. खडू धरणाऱ्या बाईची साधी कापलेली नखं होती. शहाऐंशी. डबा किंचाळायला लागला. डॉक्टरांनी डब्यावर चापटी मारली. खरंच मारली. रेडिओ खरखरला की मारतात तशी.

चादर थांबली होती. बाईचे ओठ जांभळासारखे दिसत होते.

मी उडी मारली. त्यांना बाजूला लोटलं हे नंतर कळलं. खांबेटेचा कॅमेरा खाली पडल्याचा आवाज आला तेव्हा. डोक्याशी गेले, मान मागं केली, दोन्ही हातांनी जबडा वर उचलला. जीभ सुटली. आत हवा गेल्याचा एक ओला आवाज आला आणि परत काही नाही. मास्क आणि रबरी फुगा खालच्या कप्प्यात होता; तो मी दर सोमवारी पुसून ठेवायची.

डॉक्टरांनी माझ्या हातातून मास्क ओढून घेतला. त्यांना तो नीट दाबून धरता येईना. फुगा दाबला की हवा गालावरून फुर्रकन बाहेर जायची. परदेशातले सगळे फोटो बाहेर भिंतीवर टांगलेले आणि आत हा माणूस एका बाईच्या तोंडावर साधा मास्क धरू शकत नव्हता.

"द्या इकडं," मी म्हणाले. सर म्हटलं नाही.

त्यांनी दिला.

"उलट काम करणारं इंजेक्शन कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मला विचारावा! श्वास दाबणाऱ्या औषधाचा उतारा असतो. दोन महिने मी तो खरेदीच्या यादीत लिहीत होते आणि दोन्ही महिने त्यांनी त्यावर रेघ मारली होती. पडून राहतं, मुदत संपते, म्हणे.

"आपल्याकडे नाही," मी म्हणाले. "सरकारी दवाखान्यात असेल. नाहीतर संभाजीनगर. खांबेट्यांकडे गाडी आहे ना? पाठवा."

खांबेटे चिठ्ठी घेऊन पळाला. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच काम कामाचं. डॉक्टरही बाहेर गेले, फोन करायला म्हणून. त्यांची वाट बघण्यात अर्थ नव्हता. पण मास्क दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि जबडाही उचलायचा, तर फुगा दाबायला तिसरा हात हवा.

"गाडेकर!" मी ओरडले. "आत या!"

रामनाथ दारात आला आणि बायकोचं तोंड बघून तिथंच थिजला.

"रडायचं नंतर. इकडं या. हा फुगा धरा. असा दाबा. छाती वर आली? सोडा. आता मनात पाच मोजा. परत दाबा."

त्यानं दाबला. पहिल्यांदा जोरात, मग बरोबर. फिटरच्या हाताला किती दाब पुरतो ते सांगावं लागत नाही. तिची छाती वर आली, खाली गेली. दोन-तीन मिनिटांत ओठांचा जांभळा रंग ओसरला. पण स्वतःहून श्वास नाही. आम्ही थांबलो की ती थांबायची. नाडी चालू होती, हृदय धडधडत होतं. नुसता श्वास घ्यायची आठवण तिच्या मेंदूला राहिली नव्हती.

"मेली का हो?" त्यानं विचारलं.

"नाही. श्वास घ्यायला विसरलीय. आपण आठवण करून देतोय. दाबा."

"पाच मोजू का चार?"

"पाच."

तो पुटपुटत मोजत राहिला. घाम त्याच्या हनुवटीवरून चादरीवर पडत होता. मध्येच, फुग्यावरची नजर न काढता, त्यानं विचारलं:

"सिस्टरबाई, ही कधीपास्नं आशी?"

"आत्ताच," मी म्हणाले. "अचानक."

पन्नास मिनिटं लागली. खांबेटे इंजेक्शन घेऊन आला, मी दिलं, आणि थोड्या वेळानं विजयमालाबाईनं मोठा, खोल, खोकल्यासारखा श्वास घेतला. मग दुसरा. रामनाथ फुगा सोडायलाच तयार नव्हता. मी त्याची बोटं एकेक करून उघडली. त्या उताऱ्याचा अंमल लवकर उतरतो आणि माणूस परत खाली जाऊ शकतो, म्हणून मी तिला जीपमध्ये घालून, फुगा मांडीवर ठेवून, संभाजीनगरला घेऊन गेले. वाटेत दोनदा लागला. डॉक्टर पटवेकर आले नाहीत. त्यांना दुपारचे पेशंट होते.

चौथ्या दिवशी ती चालत घरी गेली.

डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. समोर कागद होता.

"लिहा. तपासणी व्यवस्थित झाली. नंतर पेशंटला अचानक श्वासाचा त्रास झाला. डॉक्टरांनी तत्काळ उपचार केले."

"तत्काळ?"

"सिस्टर, हे बघा, आपण सगळे एकाच घरातले आहोत." सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला खुर्ची दिली होती.

मी बसले नाही. कागद घेतला आणि लिहिलं. किती औषध दिलं, किती वेळा, मध्ये किती थांबले. गोळ्यांबद्दल आधी सांगितलं होतं. उतारा मागवूनही आणला नव्हता. अकराला आठ मिनिटं कमी असताना श्वास आठवर आल्याचं सांगितलं आणि मला बाजूला व्हायला सांगण्यात आलं. खाली सही: एस्तर शांतवन त्रिभुवन. तोच मजकूर मी आधीच आणखी एका कागदावर लिहून ठेवला होता; तो रामनाथला दिला.

नोकरी त्याच दिवशी गेली. पण कागद जिल्ह्याला पोचला, चौकशी झाली, पेपरात आलं आणि दोन महिन्यांत काचेवर आतून पडदे लागले. मग टाळं. डॉक्टर पटवेकर नाशिककडे गेले म्हणे. तिथंही आरसा असेलच.

माझं मात्र नाव झालं. चर्चच्या महिला मंडळानं शाल दिली. पाळकसाहेबांनी प्रवचनात माझा दाखला दिला. पुढं मी नर्सिंगच्या शाळेत शिकवायला लागले, तर दर वर्षी नव्या मुलींना ही हकिकत आधीच माहीत असायची. "मॅडम, तुम्ही डॉक्टरला बाजूला ढकललंत ना?" मी श्वास मोजायला शिकवायची. पूर्ण एक मिनिट. आणि दर वर्षी एखादी मुलगी विचारायचीच, "मॅडम, त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा तुम्हाला भीती वाटली असेल ना?"

मी हो म्हणायची.

खरं काय ते मी आजपर्यंत एकाच माणसाला सांगितलंय. तेही त्याच वर्षी, जुलैच्या शेवटी.

गाडेकरांच्या गावाला गेले. शाळा दोन खोल्यांची. विजयमालाबाई तिसरीच्या वर्गात होत्या. मी दाराशी उभी राहिले. मुलं बाकांवर बसलेली आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एक पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर ठळक अक्षरात नाव. बाई एकेकाच्या पाटीकडे बघून हाक मारत होत्या.

मला बघून त्या बाहेर आल्या. ओळखायला थोडा वेळ लागला. मग माझे हात धरले.

"यांनी सगळं सांगितलं मला. तुम्ही नसता तर..."

"त्या पाट्या कशाला?" मी विचारलं.

त्या जरा ओशाळल्या. "त्या दिवसानंतर नावं राहत नाहीत डोक्यात. जुनं सगळं आठवतं; कविता, पाढे. नवीन टिकत नाही. जूनमध्ये आलेली मुलं, अजून एकाचंही नाव पाठ नाही. मेंदूला तेवढा वेळ हवा मिळाली नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. हळूहळू येईल म्हणतात. नाहीतर नाही." मग हसून, "पोरांना गंमत वाटते. पाट्या बदलून फसवतात मला."

मी तोंड उघडलं आणि मग मला थांबता आलं नाही.

"बाई, मी त्या कागदावर एक गोष्ट लिहिली नाही. अकराला आठ कमी असताना मी डॉक्टरांना सांगितलं. मग भिंतीशी उभी राहिले. तुमचा श्वास थांबला तेव्हा अकराला दोन कमी होती. ती सहा मिनिटं मी तिथंच होते. मोजत होते. सहा, पाच, चार. मला सगळं दिसत होतं."

"तुम्हाला त्यांनी गप्प बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "नोकरीची भीती असते. मला कळतं ते."

"भीती नव्हती. लोकांना वाटतं भीती होती. मी त्या माणसाला कधीच भ्याले नाही. भिण्याच्या लायकीचाच नव्हता तो. मला फक्त तुमचा जबडा वर उचलायचा होता. दोन बोटांचं काम. त्याला विचारायचीसुद्धा गरज नव्हती. पण तो फोटो काढून घेत होता आणि मला वाटलं, काढ. काढ अजून. आकडा पडू दे, तुझ्या त्या यंत्रासमोर, त्या टायवाल्यासमोर पडू दे. मग बघू तुझं तोंड. मी वाट बघत होते, बाई. मला बरं वाटत होतं."

आत मुलं गलका करायला लागली होती. विजयमालाबाईंनी माझे हात कधी सोडले ते मला कळलं नाही.

"आणि मी?" त्यांनी विचारलं. "मी कुठं होते त्यात?"

"तुम्ही टेबलावर होतात."

"ते मला माहीत आहे."

त्या सहा मिनिटांत मी त्या माणसाकडे इतकं निरखून बघत होते की टेबलावरची बाई मला नुसती चादर झाली होती. त्याच्या यंत्राला ती बोट होती आणि मला ती आकडा.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एखाद्या हुशार मुलीच्या दप्तरात चोरलेली पेन्सिल सापडावी तसं माझ्याकडे बघत होत्या.

"मला तो डॉक्टर आठवतच नाही," त्या म्हणाल्या. "चेहरासुद्धा नाही. हे रोज त्याला शिव्या घालतात, मी ऐकून घेते. पण एक सांगते, सिस्टर. त्याला कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं."

"माफ करा," मी म्हणाले.

"पुन्हा येऊ नका," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "आणि यांना सांगू नका. ते रोज सकाळी देवाला हात जोडताना तुमचं नाव घेतात. त्यांचं कशाला मोडायचं?"

त्या आत गेल्या. खडू उचलला, फळ्याकडे बघितलं, मग वर्गाकडे वळल्या.

"हं, कुठं होतो आपण?"

कुठलीही बाई विचारते तसंच विचारलं त्यांनी. फक्त त्या खरोखर उत्तराची वाट बघत थांबल्या, आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं उभं राहून त्यांना सांगितलं.